चढासाठी केलेली गाडी

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, घरी आल्यावर गाडीतून लगेच उतरत नसत. पिकअप अंगणात लावायची, इंजिन चालूच ठेवायचं आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून स्वस्थ बसून राहायचं. मी आतून हाक मारली की तिथूनच हात हलवायचे.

"टर्बो तापलेला असतो वहिनी. चढ-उतार करून आलेल्याला झटकन बंद केलं की आतल्या आत तेल जळतं. त्याचा जीव खाली बसू दे, मग येतो."

"माणसांचाही जीव असतो भाऊजी. ताट वाढून ठेवलं की तो वर चढतो."

ते हसायचे, पण मनासारखा वेळ गेल्याशिवाय चावी फिरवायचे नाहीत. प्रार्थना संपली तरी माणसानं लगेच उठू नये, थोडं बसून राहावं, असं माझी आई सांगायची. भाऊजींना गाडीत बसलेलं पाहून मला तेच आठवायचं. देवाधर्माचं त्यांना फारसं नव्हतं, पण हे बसणं मात्र त्यांनी कधी चुकवलं नाही.

माणूस पन्नाशीच्या अलीकडचा, बिनलग्नाचा. सासूबाई होत्या तेव्हा कोणी लग्नाचं काढलं की म्हणायच्या, "नवरी अंगणातच उभी आहे त्याची. रोज डिझेल पिते आणि धूर सोडते, अजून काय पाहिजे?" भाऊजी मान खाली घालून जेवत राहायचे. बोलणं कमी, खाणं कमी, कपडे दोन. हाताच्या रेषांत ग्रीस असं मुरलेलं की आंघोळ करून आले तरी हात न धुतल्यासारखे दिसायचे.

आमची वस्ती घाटाच्या पायथ्याशी. घाटापलीकडे दगडाची खाण आणि अलीकडे, आमच्या बाजूला, दगड कापायचा कारखाना. माझे यजमान त्या कारखान्यात करवतीवर आहेत. खाणीतून निघालेले मोठे चौकोनी ब्लॉक घाट चढवून, मग उतरवून कारखान्यात आणायचे, हे पिकअपवाल्यांचं काम. वरची वळणं इतकी आखूड आहेत की लांब लॉरी तिथे वळत नाही. म्हणून जड जातीची पिकअप आणि तिच्या मागे आखूड ट्रॉली, अशी जोडीच चालते.

रस्ता एकाच गाडीचा. त्यामुळे भरलेल्या गाड्या खाणीतून रांगेनं निघतात, आणि या रांगेचा नियम एकच: घाटात थांबायचं नाही. चढ असो नाहीतर उतार, थांबला तो रांगेबाहेर. खाणीचा मुकादम त्याला दुसऱ्या दिवशी ब्लॉक देत नाही, डबरावर पाठवतो. डबर म्हणजे ब्लॉक काढताना उरलेला फुटका दगड. तो भरायचा आणि खाणीच्या मागच्या खड्ड्यात ओतायचा. पुन्हा भरायचा, पुन्हा ओतायचा. घाट नाही, कारखाना नाही, कोणाची गाठभेट नाही, नुसती धूळ. डबरावर गेलेल्याला रांगेत परत यायचं असेल तर मुकादमासमोर भरल्या गाडीनं चढ काढून दाखवावा लागतो. दाखवायला फार जण जातात, परत फार थोडे येतात.

रांगेतला पहिला नंबर कितीतरी वर्षं माझ्या सासऱ्यांचा होता. मामंजींचे डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी स्टिअरिंग धाकट्याला दिलं आणि मुकादमानं नंबरही त्यालाच ठेवला. तेव्हापासून मामंजी ओसरीवर खुर्ची टाकून बसतात. घाट उतरणाऱ्या गाड्या आमच्या घरावरूनच जातात. आवाजावरून कोणती कोणाची ते ते सांगायचे, आणि भाऊजींची पहिली आली की "आला," एवढंच म्हणून पाणी मागायचे.

मग जुन्या इंजिनाचा क्रँक, म्हणजे आतला मुख्य दांडा, मोडला. देवाची कृपा एवढीच, की घाटात नाही, कारखान्याच्या दारात मोडला. इंजिन दुरुस्तीपलीकडे गेलं होतं. गाडीचा सांगाडा मात्र ठणठणीत. तेव्हा दुसरं इंजिन आणून बसवायचं ठरलं आणि त्यावर आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती जे भांडण झालं, तसं कोणाच्या सोयरिकीवरूनही होत नसेल.

एका बाजूला भाऊजी, एका बाजूला मिस्त्री. हा मिस्त्री गाड्यांचा आमच्याकडचा डॉक्टरच, पण तोंड डॉक्टरचं नाही. मध्ये माझे यजमान, ज्यांना दगडातलं कळतं, इंजिनातलं नाही, तरी ते दोघांपेक्षा जास्त बोलत होते.

"पेट्रोलचं आठ सिलिंडरचं घे," मिस्त्री म्हणाला. "हलकं आहे, मिळतं चटकन, थंडीत एका चावीला उठतं. बायको उठत नाही इतक्या लवकर."

"बायकोचं मला काय सांगतोस?" भाऊजी म्हणाले. "पेट्रोलला ताकद दाखवायची म्हटलं की पळवावं लागतं. ब्लॉक मागे असताना चढावर किंचाळत जाणार का मी? डिझेल चालता चालता ओढतं. पेट्रोल नको."

"मग डिझेलमध्ये नवीन आठवालं घे. ताकद बघ त्याची."

भाऊजींनी माझे कप ओढून घेतले. चार कप एका बाजूला, चार समोर, दोन्ही रांगा एकमेकींकडे झुकलेल्या. "हे तुझं आठवालं. ताकद आहे, कबूल. पण इतकं कोंबून बसवलंय की मागच्या कपाला काही झालं तर अख्खी केबिन उचलून बाजूला ठेवावी लागते. नाक पुसायला डोकं काढून ठेवायचं." मग दोन कप मला परत दिले आणि बाकीचे सहा एका ओळीत सरळ लावले. "आणि हे सरळ सहा. जड आहे, जुन्या पद्धतीचं आहे, डिझेलचा पंप साधा यांत्रिक, कॉम्प्युटर नाही. वरून हात घातला की कुठेही पोचतो."

"हळू आहे," मिस्त्री म्हणाला.

"हळू आहे," भाऊजींनी कबूल केलं. "पण मरत नाही."

"तुझ्यासारखंच," आमचे हे म्हणाले, आणि ओसरीवरून मामंजींचं हसू ऐकू आलं.

सरळ सहाच आलं. आजही मी म्हणेन की त्यांनी निवड चांगली केली होती. इंजिन बसवलं त्या सकाळी मी देवाचे आभार मानले आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत दारात उभी राहिले. आवाज खोल होता, सावकाश. एखादा जाडजूड माणूस मनापासून घोरतोय असा.

पण रांग तीच राहिली नव्हती. दोन-तिघांनी नव्या पिकअप घेतल्या होत्या. त्यातला एक मुका. मुका हे त्याचं टोपणनाव. बोलून बोलून तो समोरच्याला घेरी आणतो म्हणून पडलेलं. भाऊजींचा लहानपणापासूनचा जोडीदार, आणि रांगेत त्यांच्या लगेच मागे. पुढे भाऊजी हळू चढायचे आणि मागे मुक्याची नवी गाडी दोन श्वासांचं अंतर ठेवून हॉर्न मारत राहायची. कारखान्यात उतरला की तो सगळ्यांसमोर सुरू व्हायचा.

"काय गोगलगाय, शिंगं आत घेतलीस का नाही वळणावर? आम्ही मागे बसून दाढी वाढवली!"

"वाढव. तोंड तेवढं झाकलं जाईल," भाऊजी म्हणायचे.

चेष्टा चेष्टेच्या जागी होती. पण मुकादमाला चेष्टा कळत नाही, त्याला दिवसाचे ब्लॉक कळतात. एका सकाळी त्यानं पहिला नंबर मुक्याला दिला आणि भाऊजींना सगळ्यात शेवटी उभं केलं. वर म्हणाला, "शेवटी राहा म्हणजे कोणी अडणार नाही. पण शेवटच्यासाठी खाणीचं फाटक किती वेळ उघडं ठेवू? महिनाअखेरीस बघतो. वेग आला नाही तर डबर."

त्या संध्याकाळी ओसरीवरून एकामागून एक गाड्या गेल्या. मामंजी प्रत्येकीला मान हलवत राहिले. शेवटची आली तेव्हा ते "आला" म्हणाले नाहीत, पाणीही मागितलं नाही. जेवताना एकदाच म्हणाले, "नंबर माझा होता तो."

भाऊजी उठले. ताटातलं तसंच ठेवून मिस्त्रीकडे गेले.

तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. मी रोज थोडंफार लिहून ठेवते, म्हणून मला क्रम आठवतो. पहिल्यांदा डिझेलच्या पंपाचा स्क्रू. तो थोडा फिरवला की इंजिनात डिझेल जास्त जातं आणि ओढ वाढते. ओढ वाढली खरी, पण असा काळा धूर निघायला लागला की माझ्या दोरीवरच्या चादरी घाटाच्या बाजूनं काळ्या आणि घराच्या बाजूनं पांढऱ्या.

"भाऊजी, या चादरी आता कोणी धुवायच्या?"

"एवढं एकदा होऊ दे वहिनी. मोठा टर्बो बसवला की धूर जातो. हवा कमी पडतेय त्याला."

मोठा टर्बो आला. धूर गेला, पण उष्णता वाढली. केबिनमध्ये स्टिअरिंगशेजारी एक गोल काटा बसवला, धूर किती तापलाय ते दाखवणारा. चढावर तो काटा लाल पट्ट्यात जायचा. मग इंटरकूलर. टर्बोतून येणारी गरम हवा थंड करून इंजिनाला पाजायची, असं त्यांनी मला दूध निववण्याच्या भाषेत समजावलं. इंजिन जोरात आलं तर क्लच घसरायला लागला. जाड क्लच आला. क्लचनं धरलं तर मागचे स्प्रिंगचे पाटे दबायला लागले. जादा पाटे चढवले. एकीकडे बळकट केलं की दुखणं सरकून शेजारी जाऊन बसायचं. दर वेळी तेच वाक्य: "एवढं झालं की झालं वहिनी."

"मागच्या वेळीही एवढंच होतं."

"मागच्या वेळी थोडं राहिलं होतं."

मी त्यांना अडवायला हवं होतं असं नाही. अडवून काय सांगणार? न ओढणाऱ्या गाडीचं काय होतं ते खाणीमागच्या खड्ड्याशी दिसत होतंच. मी माझ्या जागी बसून प्रार्थना करायची: देवा, त्यांना डबरावर जाऊ देऊ नकोस. एवढंच मागायची. आणि मागायला तरी दुसरं काय होतं?

इतकं सगळं करूनही वरच्या शेवटच्या वळणांवर काटा लाल होतच राहिला. काटा लाल झाला की पाय काढावा लागतो आणि पाय काढला की वेग जातो. मिस्त्रीनं निदान केलं, "धूर बाहेर पडायला वाट नाही. सायलेन्सरची नळी अरुंद आहे. टर्बोपासून मागच्या टोकापर्यंत रुंद सरळ नळी टाक. मोकळा श्वास घेऊ दे तिला."

ती नळी आमच्याच अंगणात बसवली. मी चहा घेऊन गेले तेव्हा जुनी नळी कापून जमिनीवर पडली होती आणि तिच्या मधोमध एक वाटोळी लोखंडी झडप होती, दांडीवर फिरणारी.

"हे काय?" मी विचारलं.

"एक्झॉस्ट ब्रेक," भाऊजी गाडीखालून म्हणाले. "उतारावर लावायचा. झडप मिटते, धूर कोंडतो, मग इंजिन स्वतःलाच अडवतं आणि गाडी इंजिनाच्या पकडीत खाली येते. पायाचा ब्रेक फारसा लागत नाही."

"मग नवीन नळीत कुठे बसवणार?"

"एवढ्या रुंद नळीला बसेल अशी झडप मिळतच नाही," मिस्त्री म्हणाला. "आणि बसवली तर पुन्हा वाट अडलीच की."

"मग उतारावर?"

"चाकांना ब्रेक आहेत ना वहिनी," भाऊजी म्हणाले. "ही झडप मागे ओढते. आपल्याला सध्या पुढे जायचंय."

आम्हा तिघांपैकी कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. नंतर मी पुष्कळदा विचार केला. आमच्या इथे गाडीची परीक्षा म्हणजे चढ. मुकादम चढ बघतो, रांग चढावर ठरते, चहाच्या टपरीवर गप्पा चढाच्या. उतार म्हणजे काम झालं, घर आलं. वर पोचलेल्याला खाली येता येतंच, हे इथे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. मामंजींनीही आयुष्यभर तेच धरलं होतं. त्यांची झडप कधी कोणी काढली नव्हती, इतकंच.

महिनाअखेर आली. मुकादमानं त्या दिवशी भाऊजींना पुढे आणि मुक्याला मागे लावलं, आणि भाऊजींनी भरली गाडी अशी नेली की मुक्यालाही तिला गाठता येईना. काटा लाल पट्ट्याला शिवला नाही. मुकादमानं दुसऱ्या दिवशी पहिला नंबर परत दिला. मुका घरी आला, ओसरीवर मामंजींच्या पाया पडल्यासारखं करून म्हणाला, "काका, तुमच्या गोगलगाईला पंख फुटलेत. आता माझीच शिंगं आत!" मामंजी हसले. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. मला वाटलं, देवानं ऐकलं.

पण खाणीत ओढणाऱ्या गाडीला हलकं ओझं कोण देतो? मुकादमानं पहिल्या नंबरला मोठे ब्लॉक द्यायला सुरुवात केली. यजमान कारखान्यातून येऊन सांगायचे, "आज त्यानं आणलेला ब्लॉक करवतीखाली सरळ मावेना, फिरवून घ्यावा लागला." अभिमानानं सांगायचे. मीही ऐकायची अभिमानानंच.

एकदा दुपारी मला काहीतरी करपल्याचा वास आला. मी धावत शेगडीशी गेले, तर गॅस बंद. वास अंगणातून येत होता. भाऊजींची गाडी नुकतीच आली होती आणि पुढच्या चाकांतून निळसर धूर निघत होता.

"ब्रेकचे लायनर तापलेत. ओझं जरा जास्त होतं," ते म्हणाले. "नवे टाकतो."

नवे टाकले. थोड्या दिवसांनी पुन्हा तोच वास, पुन्हा नवे. घरातल्या केरसुणीसारखे ते बदलले जायला लागले. मिस्त्रीनं ट्रॉलीचे ब्रेकही घट्ट करून दिले. "एवढं ओझं म्हटल्यावर लायनर खाणारच," असं तो म्हणाला, आणि ते सगळ्यांना पटलं.

मामंजींची तक्रार वेगळीच होती. "हा येतो कधी ते कळतच नाही आता," ते म्हणायचे. "पूर्वी उतरताना गुरगुरायची गाडी. वरच्या वळणापासून ऐकू यायची. आता एकदम दारातच." त्यांना वाटायचं, डोळ्यांपाठोपाठ कानही चालले. मी त्यांच्या कानात कोमट तेल घातलं.

ज्या दिवशी ते झालं, तो अगदी साधा दिवस होता. ऊन होतं, रस्ता कोरडा होता, गाडीत काही बिघाड नव्हता. रांगेत पहिले भाऊजी, मागे मुका, त्याच्यामागे बाकीचे. भाऊजींनी चढ नेहमीसारखा काढला. मुका नंतर मला म्हणाला, "वर पोचला तेव्हा त्यानं खिडकीतून हात काढून मला दाखवला. चिडवायला. मीही हॉर्न दिला."

उताराच्या मध्यावर मुक्याला पुढे धूर दिसला, आणि दर वळणाला भाऊजींची गाडी त्याच्यापासून लांब जाताना दिसली. ब्रेक इतके तापले होते की पाय दाबला तरी धरतच नव्हते. गिअर खाली घ्यायचा त्यांनी प्रयत्न केला, पण गाडी तोवर हातची गेली होती. पुढे आमच्या वस्तीवरचं वळण, त्यापलीकडे घरं. भाऊजींनी गाडी डोंगराच्या कडेला घातली. कड्याला घासत, खडकांवरून खरडत ती थांबली. ट्रॉली मोडून आडवी झाली आणि ब्लॉक पुढे सरकून केबिनच्या पाठीवर आला.

मुका मागून आला. त्यानं गाडी थांबवली. उतारावर, एकाच गाडीच्या रस्त्यावर, मागे सगळी रांग असताना. पहार घेऊन दार उचकटलं, भाऊजींना बाहेर ओढलं आणि पाय कशानं तरी बांधून त्यांच्याजवळ बसून राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच तो एक शब्द बोलला नाही, असं मागचे सांगतात. रांग अंधार पडेपर्यंत अडकून राहिली.

भाऊजी वाचले. डावा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. इस्पितळात शुद्धीवर आल्यावर त्यांनी आधी विचारलं, "घरांपर्यंत गेली नाही ना?" मग म्हणाले, "इंजिनाला काही झालं नसणार. मी बंद केलं नव्हतं."

मी तेव्हा देवाचे आभार मानले. जीव राहिला म्हणून. अजूनही मानते. पण पूर्वी आभार मानताना छातीतलं काहीतरी हलकं व्हायचं, तसं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मुका खाणीवर गेला तेव्हा मुकादमानं त्याला ब्लॉक दिला नाही.

"घाटात थांबलास तू."

"माणूस मरत होता," मुका म्हणाला.

"मी कुठे नाही म्हणतो? चांगलं केलंस. पण तुला सूट दिली तर उद्या प्रत्येकाला कोणी ना कोणी मरताना दिसेल." मग जरा मऊ होऊन म्हणाला, "डबर आहे. चढ काढून दाखव, परत घेतो. पण आता दाखवायला ओझंही त्या पहिल्या नंबरएवढंच लागेल. मालकांना मोठ्या ब्लॉकची सवय झाली आहे."

म्हणजे भाऊजींनी जे वाढवून ठेवलं, ते आता सगळ्यांचं माप झालं. मुक्याची नवी गाडी त्या मापाला पुरेना. दोनदा दाखवायला गेला, दोन्ही वेळा वरच्या वळणावर दम टाकला.

इकडे भाऊजींची गाडी ओढून अंगणात आणून ठेवली होती. मागचा भाग चेपलेला, केबिन वाकलेली, पुढचं सगळं शाबूत. भाऊजी कुबड्या घेऊन तिच्याजवळ स्टुलावर बसायचे. बघायचे नाहीत, नुसते बसायचे. मामंजी ओसरीवर, भाऊजी अंगणात, दिवसभर.

मुका आला तो मिस्त्रीला घेऊनच. बरंच काही बोलला, जेवण, हवा, इस्पितळातल्या नर्सा. शेवटी भाऊजीच म्हणाले, "काय पाहिजे ते सांग. तोंड दुखेल तुझं."

मुका गाडीकडे बघून म्हणाला, "टर्बो. इंटरकूलर. क्लच बसत असेल तर तोही."

"घेऊन जा."

"आणि नळी."

भाऊजींनी वर पाहिलं. "नळी नको घेऊस."

"तिच्याशिवाय काटा लाल होतो. तूच सांगितलं होतंस."

"तुझ्या गाडीत झडप आहे अजून. ती ठेव. नळी घातलीस तर काढावी लागेल. माझ्याकडे बघ आणि सांग, काढायची का?"

मुक्यानं बघितलं. नीट बघितलं, पायापर्यंत. मग मिस्त्रीकडे वळून विचारलं, "झडप ठेवून चढ निघेल का रे?"

मिस्त्रीनं खाली बघत मान हलवली. "एवढ्या ओझ्यानं नाही निघणार."

"मग उताराचं काय?" मी विचारलं. मी मध्ये बोलायला नको होतं, पण बोलले.

मुका हसला. ते हसू मला अजून दिसतं. "वहिनी, उतरायला मिळालं तर उताराची काळजी करीन. खड्ड्यात उतारच नाही. मला आधी चढू तर द्या." आणि भाऊजींना म्हणाला, "तूही हेच केलं असतंस. केलंसच."

 मुक्यानं भाऊजींना गाडीतून ओढून काढलं होतं, आणि त्यासाठीच तो खड्ड्यात होता. त्याला नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? ते कुबडी टेकून उठले, गाडीपाशी गेले आणि नळीच्या सांध्यावर हात ठेवला.

"इथून कापू नका," मिस्त्रीला म्हणाले. "इथले बोल्ट गंजलेत. पुढच्या सांध्यावरून सोडव, अख्खी येईल. त्याच्या गाडीत बसवताना आडव्या पट्टीच्या वरून घ्या, नाहीतर खडकाला लागेल."

मी घरात आले आणि माझ्या जागी बसले. डोळे मिटले. मुक्यासाठी काय मागावं ते मला सुचेना. त्याला चढ निघू दे म्हणावं, तर तो उतारावर येणार. निघू देऊ नको म्हणावं, तर तो खड्ड्यात राहणार. बराच वेळ नुसती बसून राहिले. बाहेर पान्यांचा आवाज येत होता, आणि मध्ये मध्ये भाऊजींचा, शांत, समजावून सांगणारा: थोडं डावीकडे, आता उचल, सावकाश.

"वहिनी," त्यांनी हाक मारली, "तिघांना चहा टाका. वेळ लागणार आहे."

मी उठले आणि चहा टाकला.